शून्याची पायली

१

तुम्हाला माहीत होतं. निदान शंका तरी होती. तरीही तुम्ही मला एवढंच सांगितलंत की तशी रीत आहे. मी सरळ विचारलं होतं, चारचौघांत, दिवसाढवळ्या. तुमच्यातल्या कोणी एकानं जरी म्हटलं असतं, की पोरी, हे असं का ते आम्हाला ठाऊक नाही पण आम्हाला त्याची भीती वाटते, तर मी थांबले असते. भीतीला मी मान देते. रीतीला देत नाही, हेही तुम्हाला माहीत होतं.

आमचं गाव नेरपासून एसटीनं अर्ध्या तासावर. मी अमरावतीला पदार्थविज्ञानात एमएससी केलं आणि प्राध्यापकीच्या परीक्षेचा अभ्यास करायला घरी परतले. अभ्यासापेक्षा जास्त वेळ मी बुद्धविहारातल्या रविवारच्या वर्गाला देते. दर रविवारी फळ्यावर एक प्रश्न लिहायचा आणि दहा ते बारा त्यावर भांडायचं. फेब्रुवारीतल्या त्या रविवारसाठी मी प्रश्न आधीच लिहून ठेवला होता : काहीच नसण्याऐवजी हे सगळं का आहे?

शुक्रवारी रस्त्यापलीकडच्या बबनरावांकडे तूर मोजायला गेले. दर वर्षी त्यांची तूर निघाली की एक पोतं आमच्या घरी येतं, वर्षभराच्या डाळीसाठी. बाजाराचा माल काट्यावर जातो, पण शेजारघरचं धान्य बबनराव अजून पायलीच्या मापानं मोजतात. शाळेत असल्यापासून ते काम माझं. राशीतून पायली भरायची, पोत्यात ओतायची, मोठ्यानं आकडा म्हणायचा. पंचवीस पायल्यांना पोतं भरतं. फक्त पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नाही. ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार.

“काका, लाभ काहून?” मी विचारलं. दर वर्षी विचारते.

“तशी रीत हाय.”

“पण काहून?”

बबनराव राशीजवळ उकिडवे बसले होते. “पहिलं आपलं नसते माय. ते भेटलेलं असते. भेटलेल्याले नंबर नाही देत.”

“कोणं देलं?”

त्यांनी बोट वर केलं.

“आन त्याले कोणं देलं?”

“झालं सुरू,” बबनरावांची बायको, मैनाकाकू, दारातून म्हणाल्या. “लगन होईन तवा सासऱ्यालेच इचारन हे, तुम्ही काहून हा म्हणून.”

सगळे हसले. मीही हसले. पण मला राग आला होता. एवढा मोठा प्रश्न, आणि त्याच्यावर एक गोड शब्द ठेवून लोक पुढे जातात, जसं उघड्या विहिरीवर पाट टाकून जावं. मी म्हटलं, मोजणी खरी कुठून सुरू होते ते मी दाखवते. पायली राशीत घातलीच नाही. रिकामी उचलली, पोत्याच्या तोंडाशी नेली, वाकडी केली आणि म्हणाले, “शून्य.”

पोत्यात तूर पडल्याचा आवाज आला.

सर्रर्र, भरलेली पायली ओतल्यावर येतो तसा, शेवटी दोनचार दाणे मागे राहून टपटप पडतात तोही.

बबनरावांनी पोत्याकडे पाहिलं. “काय टाकलं?”

“काहीच नाही.”

मी पोत्यात डोकावले. तळाशी काही नव्हतं. मग मी एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि मोजत गेले. पोतं सव्विसाव्याला भरलं.

२

एका पायलीचा फरक म्हणजे काही नाही. हात हलका पडला असेल, दाणा बारीक असेल, पोतं नवं होतं. आवाजाचंही तसंच. कान अपेक्षेनं ऐकतात. दहा वर्षं मी पायली वाकडी केली की तो आवाज ऐकत आलेय, मेंदूनं तो स्वतःच भरून घेतला. घरी येईपर्यंत मी स्वतःला हे सगळं पटवलं होतं.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. आमची आई, मथुराबाई, परातीत आधीच पिठाचे गोळे करून ठेवते, माणसं मोजून. सात गोळे होते. मी चुलीशेजारी बसून लसूण सोलत होते, त्यामुळे सातही वेळा थापण्याचा आवाज मी ऐकला. टोपल्यात सहा भाकरी होत्या.

“आई, एक कुठं गेली?”

“कोणती एक?”

“सात केल्यास ना.”

“सहाच केल्या.” तिनं परात दाखवली. पुसून घेतलेली. “पाच जणाले सहा पुरे. सूनबाईले, रंजिताले, एक जास्तीची, दोन जिवाची हाय.”

बाबा नेहमी पहिली भाकरी घेतात, तव्यावरून थेट. ते ताट घेऊन बसले होते. ताटात वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, आणि त्यांचा उजवा हात भाजीजवळ, भाकरी मोडताना बोटं जशी जुळतात तशी जुळलेली. ती बोटं तोंडाकडे गेली. ते चावत होते.

“बाबा, काय खाऊन राह्यले?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस, कोणी फुकटा बसलाय का हे नजरेनं ओळखणारा. त्यांची नजर खाली ताटात गेली आणि जरा वेळ तिथंच राहिली.

“गरम हाय अजून,” ते म्हणाले. “दे दुसरी.”

३

रविवारी विहारात सतराजण होते. बबनरावही आले होते. ते कधीमधी येतात, मागच्या भिंतीला टेकून बसतात आणि आम्ही सगळे वाट चुकलेले आहोत अशा मायेनं ऐकतात.

सुरुवातीला वंदना. पहिली ओळ तीनदा म्हणायची असते. बाबा पुढे उभे होते. त्यांनी हात जोडले, श्वास घेतला, ओठ हलले. सगळ्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

त्याला शांतता म्हणता येणार नाही. शांततेत पंखा ऐकू येतो, बाहेर कोंबडा, कोणाचं तरी नाक. इथं काहीच नव्हतं. मी माझ्या गळ्यावर बोटं ठेवली. गळा कापत होता.

मग ती ओळ आली, मोठ्यानं, सतरा जणांची. मग पुन्हा एकदा. आणि सगळे खाली बसले.

“आपण दोनदाच म्हटलं,” मी शेजारच्या विक्कीला म्हणाले. विक्की माझा आतेभाऊ, नेरला मोबाईलच्या दुकानात असतो.

“तीनदा म्हटलं. झोप झाली नाही काय?”

मी वर्ग सुरू केला. सुरू केला म्हणजे माझं तोंड चालू झालं. फळ्यावरचा प्रश्न वाचला. विक्कीनं हात वर केला. “बिग बँग झाला म्हणून.”

“ते कसं झालं याचं उत्तर. का याचं नाही. आणि तो काहून झाला?”

“झाला म्हणून झाला. कारण पाहिजेच असं कुठं लिहेल हाय?”

“मग देवाले काहून नावं ठेवतं? बबनकाकाचंही तेच म्हणणं हाय.”

मागून बबनराव म्हणाले, “माझ्या देवाले मी निदान नमस्कार तरी करतो. याचा बँग तर याले वयखतही नाही.”

लोक हसले. एरवी मला अशा वेळी पंख फुटतात. त्या दिवशी मी फळ्याकडे पाठ करून उभी होते आणि मला सारखं वाटत होतं की फळ्याची वरची, डावी बाजू, जिथून लिहायला सुरुवात करतो ती, माझ्या मागे जरा जास्त लांब आहे.

बाबा शेवटी बोलले. ते वर्गात कमी बोलतात. “दीपा, भगवंताले हे इचारलं होतं लोकायनं. जगाले सुरुवात हाय का, शेवट हाय का. ते बोलले नाही.”

“त्यांना उत्तर माहीत नव्हतं?”

“तसं नाही. उत्तर भेटलं तरी कोणाचं दुखणं कमी होत नाही, म्हणून.”

“बाबा, न बोलणं हे उत्तर नाही. मला थांबायचा कंटाळा आहे. बबनकाका देवापाशी थांबतात, विक्की स्फोटापाशी थांबतो, तुम्ही मौनापाशी. प्रत्येकाची आपापली पाटी, येथून पुढे जाऊ नये.”

“अशी पाटी लावणाऱ्यानं पुढचं पाह्यलं असन,” बाबा म्हणाले. गमतीनं म्हणाले की नाही ते कळलं नाही.

घरी येऊन मी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. वर्ग मी दर वेळी रेकॉर्ड करते, गटावर टाकायला. पहिले नऊ सेकंद पडद्यावर सरळ रेघ होती. बंद खोलीत ठेवलेला फोनसुद्धा थोडी खरखर पकडतो, यंत्राची स्वतःची. या रेघेत तीही नव्हती. दहाव्या सेकंदाला बाबांचा आवाज सुरू होत होता, दुसऱ्यांदा.

मी ते नऊ सेकंद चाळीसएक वेळा ऐकले असतील. ऐकले म्हणणं बरोबर नाही.

४

त्यानंतरच्या आठवड्यात मी सगळं लिहून ठेवायचं ठरवलं. नवी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं, झोपले, सकाळी उघडली तर लेखन दुसऱ्या पानापासून सुरू होत होतं आणि आधीचं पान फाडल्याची खूण नव्हती. घरातलं टोल्याचं घड्याळ अकराला दहा टोले देत होतं. नेरला जाणारी सकाळची पहिली गाडी थांब्यावर कोणालाच आठवत नव्हती. लोक सव्वाआठच्या गाडीला आरामात येत होते, जणू तीच पहिली.

मी स्वतःशी वाद घालत होते. विसरणं संसर्गजन्य असतं. मी एका गोष्टीच्या मागे लागले की मला तीच दिसते. एमएससीला आमचे एक सर म्हणायचे, पाहणारा थकला की मोजमापातही थकवा येतो. मी थकले होते. दोन रात्री मी झोपले नव्हते.

मग गल्ली. आमच्या गल्लीत ग्रामपंचायतीनं दारांवर पत्र्याचे नंबर ठोकले आहेत. आमचा सात. गुरुवारी दुपारी हापशीवरून येताना मी पहिल्यांदा ते क्रमानं वाचत आले. गल्लीच्या तोंडाशी देवीलालचं घर. त्यावर दोन.

“देवीलालभाऊ, एक नंबर कोणाचा?”

“एक नाही भेटला कोणाले. दोनपासूनच ठोकले त्यायनं.” तो बैलाचं दावं वळत बसला होता. “ती जागा मोकळीच हाय पहिलेपासून.”

ती जागा मोकळीच आहे. मी जन्मापासून तिच्या बाजूनं जाते. मलाही ती मोकळीच आठवते. तिच्यात काही उगवलेलं नव्हतं. माती सारवल्यासारखी सपाट. डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन एक बाई आली आणि मोकळ्या जागेतून सरळ न येता तिच्या कडेनं, काटकोनात वळून आली, ओसरी टाळून यावं तशी. देवीलालच्या भिंतीच्या खुंटीला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती. दोरीचं दुसरं टोक मातीवर पडलं होतं. त्याला पक्की गाठ होती, आणि गाठीच्या आत एका खांबाएवढी गोल जागा.

मी ती दोरी उचलली नाही. पडीक जागा, जुनी दोरी, यात पुरावा काय? मी एवढंच मान्य केलं की काहीतरी सुरू झालं की त्याचं पहिलं जातं. जे आधीपासून सुरू आहे ते सुरक्षित आहे. हा नियम मी वहीत लिहिला, दुसऱ्या पानावर. नियम सापडला की मला बरं वाटतं.

त्या बरं वाटण्यात मी घराच्या अंगणात शिरले आणि समोर रंजिता बसली होती.

५

रंजिता माझी वहिनी. माझा मोठा भाऊ राजदीप पंप दुरुस्तीची कामं करतो, त्याची बायको. त्यांच्या लग्नाला चौथं वर्ष. तिला नववा महिना लागला होता, पुढच्या आठवड्याची तारीख होती. आमच्या घरातलं पहिलं लेकरू.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला तो शब्द ऐकू आला. पहिलं.

“दीपाताई, अशा काय पाहून राह्यल्या?”

“काही नाही. बरं आहे ना?”

“हलते खूप. आई म्हणते पोरगी हाय.” ती लहान कपड्यांच्या घड्या घालत होती. हात भराभर चालत होते, एकसारख्या घड्या, न पाहता. “मले भेव वाटते ताई. पहिली खेप म्हणजे लय वेळ लागते म्हणतात. बाया मरमर मरतात.”

“काही होत नाही.”

“तुम्ही शिकेल हा. तुमाले माहीत असन.”

तिनं मांडीवरचा एक फ्रॉक उचलला. पिवळा, गळ्याशी बटणं. दोन वर्षांच्या पोरीला येईल एवढा. मी म्हटलं, हा फार मोठा आहे. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“आईनं आणला असन. वाढत्या अंगाचा.”

मग ती उठून चुलीशी गेली आणि डाळ ढवळायला लागली. उजव्या हातात पळी. डावी कंबर बाहेर काढलेली, डावा हात कमरेवर वाकवून, आणि ती हलकेच डुलत होती. मी म्हटलं पोटाचा भार आहे, तोल असाच सांभाळावा लागत असेल.

मी बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसले. माझ्या हातून झालं होतं. मी जगाला विचारलं होतं की तू का आहेस, आणि उत्तर यायच्या आधी एक रिकामी पायली ओतली होती. आता काहीतरी प्रत्येक सुरुवातीच्या आधी उभं होतं. देवावर माझा विश्वास नाही. शापावर नाही, करणीवर नाही. विहारातल्या वर्गात मी या शब्दांची सालं काढते. पण त्या पोटातल्या लेकरासाठी मी काय करणार होते? नियम वाचून दाखवणार होते?

मी रस्ता ओलांडला.

“काका, मले खरं सांगा. लाभ नाही म्हटलं तर काय होते?”

बबनराव पानाला चुना लावत होते. “माह्या बापानं नाही सांगतलं. त्याच्या बापानं त्याले नाही सांगतलं. मी एकदा इचारलं होतं, लहान होतो. तर तो उठून निंघून गेला. चिडला नव्हता. लपायला गेल्यासारखा गेला.”

“तुम्हाला तेव्हाच सांगता आलं असतं मला. त्या दिवशी, राशीजवळ.”

“काय सांगू माय? का आम्ही भेतो म्हणून? तू हसली असती.”

मी हसले असते.

६

पोतं आमच्या मागच्या खोलीत होतं, तोंड शिवलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा. पत्र्यातल्या काचेतून ऊन सरळ पोत्यावर पडत होतं. बबनराव, बाबा आणि मी. पोतं रिकामं करायचं, ताडपत्रीवर रास घालायची आणि पुन्हा मोजायचं, रीतीनं, एवढंच ठरलं होतं.

बाबांनी विळ्यानं शिवण कापली. तोंड उघडलं.

तुरीत खड्डा होता.

पायली बसेल एवढा गोल, पोत्याच्या मधोमध, सरळ खाली गेलेला. कोणतीही रास स्वतःच्या उतारावर थांबते. तूर गोल असते, घसरते, खड्ड्यात दाणे ओघळले पाहिजेत. याच्या कडा उभ्या होत्या, कापून काढल्यासारख्या. बाबांनी पोत्याला हात लावला, पोतं हललं, वरचे दाणे कडेपर्यंत घरंगळत आले आणि कडेला थांबले. एकही आत पडला नाही.

मी वाकले. ऊन आत जात होतं, तरी खड्ड्याला तळ दिसत नव्हता. तो अंधारा नव्हता. अंधार असता तर मी तो पाहू शकले असते. डोळा तिथपर्यंत जायचा आणि मग मी पोत्याच्या दुसऱ्या बाजूकडे पाहत असायचे. तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी डोळा क्षणभर तिथं टिकला, आणि मला जाणवलं की खड्डा पोत्यापेक्षा आधीचा आहे. तूर त्याच्याभोवती नंतर आलेली. पोतंही. खोलीही.

“मागं हो,” बबनराव म्हणाले. माझा दंड त्यांनी धरला होता, कधीपासून ते मला माहीत नव्हतं.

रास घालायला पोतं उपडं करायची हिंमत कोणाची झाली नाही. बबनरावांनी घरून आणलेल्या तुरीच्या टोपल्यातून पायली भरली, खड्ड्यावर धरली, “लाभ” म्हणाले आणि ओतली. तूर खाली गेली. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा ओतली. आवाज नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“माह्यानं नाही होत. जिनं सोडलं तिनंच बांधा लागते.”

बाबांनी पायली माझ्या हातात दिली.

मी पायली भरली. मला वाटत होतं की मी आता खोटं बोलणार आहे. मग मला आमच्या समीकरणांची आठवण झाली. विश्वाचं कोणतंही गणित सोडवायला घ्या, पहिल्या क्षणाला काय होतं ते कुठूनही निघत नाही. ते आपण वरून भरतो. त्याला आम्ही आरंभीची अट म्हणतो आणि पुढच्या ओळीवर जातो. वर्गात मी ते शंभर वेळा भरलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं, काहून. आमचीही रीतच होती. फक्त आम्हाला तिची भीती वाटत नव्हती.

मी रंजिताच्या पोटाचा विचार केला. ज्याचं कारण कोणाजवळ नाही आणि जे तरीही आहे, त्याचा.

“लाभ,” मी म्हणाले.

दाणे पडल्याचा आवाज आला. तळावर, गोणपाटावर, आणि शेवटचे दोनचार टपटप. मग कडा सैल झाल्या, तूर चहूबाजूंनी आत घसरली आणि पोत्याचं तोंड भरून आलं. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. मी दोन म्हटलं, तीन म्हटलं, टोपलं संपेपर्यंत मोजत राहिले, थांबायची हिंमत नव्हती म्हणून.

अंगणातून राजदीपचा आवाज आला. “दीपा, आईले बोलाव. रंजिताचं दुखून राह्यलं.”

७

तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दोन वाजले. राजदीपनं ओळखीच्या माणसाची जीप आणली होती. रंजिताला आत नेलं. आई दाराशी, राजदीप व्हरांड्यात येरझारा, बाबा बाकावर डोळे मिटून. मी दाराला कान लावून उभी होते. आतून सिस्टरचा आवाज, भांड्याचा आवाज, रंजिताचं कण्हणं, सगळं येत होतं आणि प्रत्येक आवाज मी आधीच्या आवाजाशी जोडून पाहत होते, मधलं काही गळलंय का म्हणून.

मला एकच ऐकायचं होतं. पहिलं रडणं.

लोक म्हणतात पहिल्या खेपेला बारा-बारा तास लागतात. आम्ही रात्रभर थांबायच्या तयारीनं आलो होतो, आईनं शिदोरी बांधली होती. तीनला पाच मिनिटं कमी असताना ते रडणं आलं. बारीक, चिडकं, मांजरासारखं. सुरुवातीपासून. श्वास ओढला तोही मी ऐकला, आणि मग पहिला आवाज, आणि मग दुसरा. मी भिंतीला पाठ लावली. राजदीप विचारत होता काय झालं, मी त्याला सांगू शकत नव्हते की मी हसतेय.

“पोरगी,” आई म्हणाली. “मी म्हणत नव्हती?”

जराशानं सिस्टर बाहेर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात लटकवलेला, खुर्चीत बसून कागद पुढे ओढला. पोरगी चांगली आहे, वजन चांगलं आहे, बाई चांगली आहे, सगळं एका दमात सांगितलं. आईनं पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि लिहायला लागल्या. नाव. गाव. वय.

“खेप कितवी?”

“पहिलीच जी,” आई म्हणाली.

सिस्टरांचं पेन थांबलं. चष्म्यावरून त्यांनी आईकडे पाहिलं, मग राजदीपकडे, मग माझ्याकडे. रागानं नाही. अशी माणसं त्यांना रोज भेटत असावीत, गडबडलेली, उलटसुलट सांगणारी.

“पहिली कशी मावशी? तिले जुना टाका हाय, मी आत्ता पाह्यला. दोन-तीन वर्सांचा असन. म्हणून तर एवढ्या लवकर मोकळी झाली.” त्यांनी गूळ गालात सरकवला आणि पेन पुन्हा कागदावर टेकवलं. “पहिल्या लेकराले घरी कोणाजवळ ठेवून आल्या?”